आडव्या वाऱ्यात विमान उतरवणं: कसब, थरार की हट्ट?

तिरपागडा

गेले काही दिवस यूट्यूबने माझ्यामागे एकच धोशा लावलाय: वादळात तिरकी होऊन उतरणारी विमानं. नाक एकीकडे, धावपट्टी दुसरीकडे, शेवटच्या क्षणी गर्रकन वळून चाकं टेकतात आणि खाली 'याला म्हणतात पायलट!' असे हजारो प्रतिसाद. फेब्रुवारी २०२२ मध्ये युनिस वादळ आलं तेव्हा लंडनच्या हीथ्रो विमानतळावरचं थेट प्रक्षेपण एका वेळी दोन लाखांहून जास्त लोक बघत होते म्हणे.

माझं मत सांगतो, पटलं नाही तर खुशाल झोडपा. आपण भलत्याच माणसाला टाळ्या वाजवतो. जो 'आज नको' म्हणून पुन्हा वर गेला, किंवा सरळ दुसऱ्या विमानतळावर जाऊन उतरला, त्याचा व्हिडिओ कोणी बघत नाही.

आणि काही गोष्टी मला खरंच कळत नाहीत. वाऱ्याची ठरलेली मर्यादा असेलच ना? मग तिच्याबाहेर उतरू कसं देतात? दोन-अडीचशे टनांचं धूड तिरकं टेकतं तेव्हा चाकं जागेवर राहतात कशी? आणि एवढं सगळं संगणक करत असताना नेमकं हेच काम माणसाकडे का?

सांजवात

वाचतेय. माझा साधा ठोकताळा: बाजूच्या खिडकीतून धावपट्टीचं तोंड दिसायला लागलं की पुस्तक मिटायचं आणि पट्टा आवळायचा.

लंबक

आधी मूळ गोष्ट मांडतो, म्हणजे पुढच्या मारामाऱ्या सोप्या जातील.

हवेत असताना विमानाला आडवा वारा असा वेगळा जाणवत नाही. ते ज्या हवेत आहे ती हवाच सरकत असते. वाहत्या नदीत समोरच्या घाटाला लागायचं तर नावाडी नाव प्रवाहाच्या अंगाला तिरकी धरतो, तोच प्रकार. नाक वाऱ्याकडे थोडं वळवलं की जमिनीच्या हिशोबाने विमान धावपट्टीच्या रेषेतच चालतं, पंखही सपाट राहतात. याला क्रॅब म्हणतात. यात कसली कसरत नाही, दहा हजार मीटरवरही विमान सतत हेच करत असतं.

कोन किती? समजा विमानाचा वेग १४० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर) आणि आडवा वारा ३० नॉट, तर साधारण १२ अंश. व्हिडिओत तो तीस-चाळीस वाटतो, कारण कॅमेरा धावपट्टीच्या टोकाशी आणि लेन्स भलीमोठी. लांबी चपटी होते, तिरकेपणा तेवढा डोळ्यांत भरतो.

खरं काम शेवटच्या दहा मीटरांत. चाकांचं तोंड नाकाच्या दिशेला आणि प्रवास धावपट्टीच्या दिशेला, म्हणून टेकण्याआधी रडर (शेपटीच्या उभ्या पंखाचा हलणारा भाग, पायाने चालवतात) दाबून नाक सरळ करायचं. पण नाक सरळ केलं की विमान वाऱ्याबरोबर बाजूला वाहायला लागतं. म्हणून वाऱ्याकडचा पंख किंचित खाली दाबायचा. मग वाऱ्याकडचं चाक आधी टेकतं, मग दुसरं, शेवटी नाकाचं. हे लवकर केलं तर विमान पट्टीच्या कडेकडे सरकतं, उशिरा केलं तर तिरकंच टेकतं.

त्यात आणखी एक खोडा आहे. नाक फिरवताना वाऱ्याकडचा पंख पुढे येतो, त्याला जास्त उचल मिळते. म्हणजे जो पंख खाली हवा तोच नेमका त्या क्षणी वर जायला बघतो. मागे झुकलेल्या पंखांच्या जेट विमानांत हे जास्तच. व्हिडिओत पंख नाचताना दिसतात त्यातला बराच भाग हा.

वातकुक्कुट

माझ्या आयडीला साजेसा धागा अखेर आला.

लंबक, जमिनीवरचंही लिहा ना. टेकल्यावर गोष्ट संपली असं लोकांना वाटतं. शेपटीचा उभा पंख वारा खातो आणि नाक वाऱ्याकडे वळायला बघतं. वेग कमी होत जातो तसतसा रडरचा जोर उतरतो, वारा मात्र तेवढाच. टेकल्यापासून टॅक्सीच्या, म्हणजे जमिनीवर हळू चालण्याच्या वेगापर्यंत येण्याचा काळ माझ्या मते हवेतल्या तिरकेपणापेक्षा नाजूक.

गगनवेडी

तिरपागडा, तुमच्या पहिल्या प्रश्नातच मेख आहे. तुम्ही ज्याला मर्यादा म्हणताय ती बऱ्याच विमानांच्या बाबतीत मर्यादा नसते.

विमानाला प्रमाणपत्र देताना निर्मात्याने आडव्या वाऱ्यात उतरून दाखवायचं असतं. अमेरिकन नियमांत हा आकडा किमान २० नॉट किंवा स्टॉल वेगाच्या (ज्याखाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो वेग) ०.२ पट, यातला जो मोठा असेल तो, पण २५ नॉटांपुढे सक्ती नाही. चाचणीच्या काळात जेवढा वारा मिळाला आणि ज्यात विमान नीट उतरलं तो आकडा पुस्तिकेत 'कमाल प्रात्यक्षिक आडवा वारा' म्हणून छापतात. एअरबस ए-३२० चा आकडा ३३ नॉट, झोत ३८ पर्यंत. म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास. याचा अर्थ ३९ ला विमान उलटेल असा नाही आणि ३९ ला हरकत नाही असाही नाही. अर्थ एवढाच की ३८ ला उतरून दाखवलंय.

त्यावर मग विमान कंपन्या आपापली बंधनं घालतात: ओल्या पट्टीवर कमी, बर्फावर आणखी कमी, नवख्या सहवैमानिकाला त्याहून कमी.

हा वारा मुद्दाम शोधायला जावं लागतं, हेही गमतीचं. आइसलंडचं केफ्लाविक त्यासाठी प्रसिद्ध. ए-३८० नोव्हेंबर २००६ मध्ये तिथेच गेलं होतं. जगभर लोक वारा पडायची वाट बघतात आणि हे लोक वारा सुटायची.

ठोकळा

म्हणजे परीक्षा अशी की जेवढा पेपर सोडवला तेवढेच एकूण गुण. वा!

तिरपागडा

@गगनवेडी, ही पळवाट झाली की. 'आम्ही ३८ पर्यंत बघितलं, पुढचं तुमचं तुम्ही बघा.' पायलटने काय समजायचं?

आकडेमोड

नेमक्या याच प्रश्नावर एका चौकशी अहवालात बोट ठेवलं होतं. हॅम्बुर्ग, १ मार्च २००८, एमा वादळ. लुफ्तान्साचं ए-३२०, १३७ माणसं आत. टेकताना डावा पंख खाली गेला, टोक धावपट्टीला घासलं, विमान पुन्हा वर गेलं आणि दुसऱ्या प्रयत्नात सुखरूप उतरलं. कोणालाही इजा नाही. व्हिडिओ जगभर फिरला आणि सुरुवातीला वैमानिकांचं भरपूर कौतुकही झालं.

आता गणित करा. विमानतळाच्या नियंत्रण टॉवरने सांगितलेला वारा ३०० अंशांवरून, ३३ नॉट, झोत ४७. पहिला प्रयत्न २३ क्रमांकाच्या धावपट्टीवर, म्हणजे दिशा साधारण २३०. फरक ७० अंश. सत्तरचा साइन ०.९४. झोताचा आडवा भाग झाला ४४ नॉट.

दुसरा प्रयत्न ३३ क्रमांकावर. फरक ३० अंश, साइन निम्मा. तोच झोत, आडवा भाग साडेतेवीस. वारा तोच, विमान तेच, विमानतळ तोच. वीस नॉटांचा फरक फक्त पट्टी बदलून पडला.

जर्मन चौकशी संस्थेने म्हटलं की 'कमाल प्रात्यक्षिक' या शब्दांचा अर्थ वैमानिक वेगवेगळा लावतात. कोणाला ती सक्ती वाटते, कोणाला सल्ला. तेव्हा तिरपागडा यांचा प्रश्न अगदीच खुळा नाही.

तिरपागडा

'अगदीच खुळा नाही' हे फ्रेम करून लावतो.

उजवी_सीट

आयडीवरून कळलं असेलच कुठे बसतो ते: सहवैमानिकाच्या जागेवर. मोठी विमानं चालवतो, त्यामुळे थोडं आतलं लिहितो. कंपनीचं नाव वगैरे विचारू नका.

हॅम्बुर्गच्या प्रकरणात आकडेमोड यांनी एक गोष्ट सोडली. डावं मुख्य चाक टेकताच विमानाच्या संगणकाला वाटलं की आपण जमिनीवर आलो. तसं ठरलं की साइडस्टिकचा (विमान वळवायच्या दांडीचा) आडवा परिणाम जवळपास अर्धा होतो. उजवीकडून वारा, उजवा पंख वर उठतोय, आणि नेमक्या त्या क्षणी पंख दाबायची ताकद कमी झाली. ही खुबी तेव्हा वैमानिकांच्या पुस्तिकेत धड लिहिलेली नव्हती.

आता निर्णय कसा होतो ते. बाहेरच्या लोकांना वाटतं की टॉवरने आकडा सांगितला, तो तक्त्यात बघितला, हो की नाही ठरलं. पण हवामानाच्या नियमित अहवालातला वारा दहा मिनिटांची सरासरी असतो आणि टॉवर सांगतो तो दोन मिनिटांची. मोजणारं यंत्र धावपट्टीशेजारी दहा मीटर उंचीवर असतं. मी दोनशे मीटरवर असतो. तिथे वारा जास्त आणि बऱ्याचदा वेगळ्या दिशेचा. खाली येता येता जमिनीच्या घर्षणाने तो उतरत जातो, क्रॅबही आपोआप लहान होत जातो. कमी होत जाणारा वारा त्रास देत नाही. त्रास देतो तो अचानक थांबणारा आणि अचानक सुटणारा.

म्हणून स्थिर ३० नॉट मला चालतो, १५ वरून ३५ वर उड्या मारणारा नको.

वेगाचंही सांगतो. समोरच्या वाऱ्याचा अर्धा आणि झोताचा सगळा वाढीव भाग वेगात मिळवायचा, ठरावीक कमाल मर्यादेपर्यंत, ही अनेकांच्या हातात बसलेली जुनी पद्धत. आडव्या वाऱ्याच्या स्थिर भागासाठी काहीच मिळवायचं नसतं. लोक तेवढ्यासाठीही वेग वाढवून येतात, मग विमान टेकायला तयार होत नाही, पट्टी संपत जाते आणि आडव्या वाऱ्याची अडचण लांबीची अडचण होऊन बसते.

बाकी तिरपागडा यांचं 'पुन्हा वर जाणारा खरा' हे अर्धंच पटतं. वर जाणं चांगलं, पण ते धैर्याचं काम नाही, रोजचं आहे. ब्रीफिंगमध्येच ठरतं: इतक्या उंचीला स्थिर नसलो तर वर. टेकल्यावरही रिव्हर्स (वेग कमी करणारा इंजिनांचा उलटा जोर) उघडेपर्यंत वर जाता येतं. त्याला हिरो करू नका, नाहीतर उतरणारा आपोआप खलनायक ठरतो. वारा हद्दीत आहे, पट्टी कोरडी आहे, विमान हातात आहे, तर उतरायचंच असतं.

भित्री_भागूबाई

उजवी सीट, एक विचारू? मागच्या रांगेत बसले की फार हलतं. खरंच जास्त हलतं की मनाचे खेळ?

उजवी_सीट

खरंच जास्त हलतं. विमान फिरतं ते मधल्या कुठल्यातरी बिंदूभोवती, त्यामुळे टोकांना जास्त झोका बसतो. पंखांच्या आसपासची सीट घ्या. आम्ही दुसऱ्या टोकाला बसतो, पण आम्हाला करायला काम असतं.

स्पॅनर

चाकांच्या प्रश्नाला अजून कोणी हात लावला नाही, तेव्हा हे माझं खातं. देखभालीत काम करतो.

लँडिंग गिअर फक्त वरून येणाऱ्या भारासाठी बनवलेलं नसतं. कमाल उतरण्याच्या वजनाला सेकंदाला दहा फूट, म्हणजे तीन मीटर वेगाने खाली आलं तरी ते टिकायला हवं. बाजूच्या भारासाठी वेगळी अट आहे: नियमात ठरवलेल्या उभ्या भाराच्या ०.८ पट जोर आतल्या बाजूला आणि ०.६ पट बाहेरच्या बाजूला सोसला पाहिजे. म्हणजे तिरकं टेकणं हा अपघात नव्हे, डिझाइन करतानाच धरलेला प्रसंग आहे.

दुसरं, विमान स्वतःच सरळ होतं. मुख्य चाकं वजनाच्या मध्यबिंदूच्या मागे असतात. तिरकं टेकलं की टायरवर बाजूने जोर येतो आणि तो नाकाला प्रवासाच्या दिशेकडे ढकलतो. जुन्या, शेपटीला चाक असलेल्या विमानांत मध्यबिंदू चाकांच्या मागे असायचा, तिथे हाच जोर उलटा लागून विमान गोल फिरायचं. त्या काळच्या वैमानिकांना आडव्या वाऱ्याचा जास्त धसका होता तो यामुळे.

ओल्या पट्टीवर टायर थोडा घसरतो, त्यामुळे गिअरला धक्का कमी बसतो. कोरड्या काँक्रीटवर पूर्ण क्रॅबमध्ये टेकवलं तर रबर तर जातंच, वर आम्हाला रात्रपाळीला बोलावतात. जोरात टेकल्याची नोंद झाली की गिअरच्या जोडण्या, तेलगळती, आजूबाजूचे पत्रे, रिव्हेट सगळं तपासल्याशिवाय विमान सोडत नाही. टाळ्या केबिनमध्ये वाजतात, टॉर्च आमच्या हातात असतो.

ठोकळा

एवढा खटाटोप करण्यापेक्षा चाकंच फिरती का करत नाहीत? नाक तिरकं राहू दे, चाकं सरळ.

वातकुक्कुट

केलंय की. बी-५२ बॉम्बरची चाकं २० अंशांपर्यंत वळवून लावता येतात. ते विमान तिरकंच उतरतं आणि तिरकंच पळतं, बघताना डोकं गरगरतं. आणि त्याहून जुनं म्हणजे ब्लेरिओ ११, ज्याने १९०९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडली. त्याची पुढची चाकंही वळणारी होती.

स्पॅनर

बी-५२ ला ते गरजेचंही होतं. त्याची चाकं पोटाखाली पुढे-मागे आहेत आणि पंख प्रचंड लांब. पंख झुकवायची सोयच नाही. प्रवासी विमानात एवढी यंत्रणा म्हणजे वजन, किंमत आणि बिघडायला आणखी एक जागा. वर्षातून थोडेच दिवस लागणार, वजन मात्र रोज वाहायचं.

गगनवेडी

पंख झुकवण्यावरून: चार इंजिनांच्या विमानांतही हीच कटकट. ७४७ चं बाहेरचं इंजिन पंखाखाली बरंच खाली लोंबतं. जास्त झुकवलं तर पंखाच्या टोकाआधी इंजिनच घासेल. म्हणून ७४७ किंवा ए-३८० वाले पंख फार झुकवत नाहीत, क्रॅबवर जास्त भिस्त ठेवतात.

५ ऑक्टोबर २०१७ चं ड्युसेलडॉर्फचं एमिरेट्सचं ए-३८० सगळ्यांनी पाहिलं असेल. टेकल्यानंतर नाक ज्या झटक्याने इकडून तिकडे गेलं त्यावर जाणकारांत बरीच तू-तू मैं-मैं झाली.

आकडेमोड

लांब विमानांचं एक गणित मला फार आवडतं. ए-३४०-६०० ची लांबी ७५ मीटर. वैमानिक मुख्य चाकांच्या तीसेक मीटर पुढे बसतो असं धरा. १० अंश क्रॅब असेल तर ३० गुणिले ०.१७, म्हणजे पाच मीटर. मुख्य चाकं मधल्या रेषेवर हवी असतील तर वैमानिकाला स्वतःला पाच मीटर बाजूला ठेवून यावं लागेल. त्याला समोर जे बरोबर दिसतं ते चाकांच्या दृष्टीने चूक. ४५ मीटर रुंदीच्या पट्टीवर पाच मीटर थोडे नाहीत.

उजवी_सीट

बरोबर. म्हणून मधल्या रेषेवर स्वतः बसून यायचं नसतं, वाऱ्याकडे सरकून बसायचं आणि नाक फिरवताना रेषेवर यायचं. लहान विमानातून मोठ्यावर आलेल्यांना सिम्युलेटरमध्ये हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

चकवा

पण धोका आहे हे तर खरं ना? हाँगकाँगला चायना एअरलाइन्सचं एमडी-११ उलटं झालं होतं. जपानमध्ये नारिताला फेडेक्सचंही. सगळे आडव्या वाऱ्याचेच बळी.

लंबक

चकवा, दोन्ही प्रकरणं वेगळी आहेत.

हाँगकाँग, २२ ऑगस्ट १९९९. सॅम वादळाचा वारा, पाऊस, अंधार. ३१५ जणांपैकी तिघांचा मृत्यू झाला. वारा आडवा होताच, पण विमान मोडलं ते खाली येण्याचा वेग आवरला नाही म्हणून. उजवं चाक आधी आदळलं, उजवा पंख तुटला आणि विमान उलटलं.

नारिता, २३ मार्च २००९. तिथे धावपट्टी ३४ आणि वारा ३२० अंशांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ समोरचा. झोतांचा होता, पण आडवा म्हणावा असा नाही. विमान टेकून उसळलं, पुन्हा आदळलं, पुन्हा उसळलं. दोन्ही वैमानिक गेले.

चकवा

तरी वारा होताच ना दोन्हीकडे. माझा मुद्दा वाऱ्याचा आहे, कोनाचा नाही. तुम्ही सगळे साइनमध्ये अडकलात.

उजवी_सीट

या एका वाक्याला माझा पाठिंबा. आडवा भाग मोजता येतो म्हणून त्यावर चर्चा होते. जीव जातो तो बऱ्याचदा शेवटच्या पंधरा मीटरांत वेग गळाल्याने किंवा उसळीनंतर विमान बळेच खाली दाबल्याने. तिरकेपणा फोटोत दिसतो, खाली येण्याचा वेग दिसत नाही.

ठोकळा

कोणीतरी संगणकाचं बोला. ऑटोलँड नावाचा प्रकार आहे, दाट धुक्यात यंत्र आपोआप उतरवतं. वाऱ्यात का नाही?

गगनवेडी

कारण ऑटोलँड धुक्यासाठी बनवलंय, आणि दाट धुकं सहसा वारा पडलेला असतानाच असतं. ए-३२० ला ऑटोलँडसाठी आडव्या वाऱ्याची मर्यादा २० नॉट. हाताने ३८ पर्यंत उतरून दाखवलेलं तेच विमान. म्हणजे वारा वाढला की यंत्र आधी हात वर करतं.

ठोकळा

पण का? तेच विचारतोय. गणित तर यंत्राला जास्त चांगलं येतं.

उजवी_सीट

गणित येतं. पण ऑटोलँडला प्रमाणपत्र देताना असं सिद्ध करावं लागतं की जवळपास प्रत्येक वेळी विमान ठरलेल्या चौकोनात टेकेल, कोणी हात लावला नाही तरी. वाऱ्याच्या सगळ्या झोतांसाठी हे सिद्ध करणं फार महाग, आणि दिसत असताना त्याची गरज नाही. शिवाय आय.एल.एस. (विमानाला पट्टीपर्यंत आणणारे रेडिओ संकेत) नसलेल्या पट्ट्या असतात. यंत्राला उद्या जमेल, मला शंका नाही. सध्या कोणी त्यासाठी पैसे मोजत नाही.

घडीचा_डाव

अवांतर: विमानतळ बांधतानाच वाऱ्याच्या दिशेने का नाही बांधत? सगळा वादच मिटेल.

आकडेमोड

बांधतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेची शिफारस अशी की धावपट्ट्यांची संख्या आणि दिशा अशी ठेवा की विमानतळ किमान ९५ टक्के काळ वापरता येईल. मोठ्या विमानांसाठी हिशोब २० नॉट आडव्या वाऱ्याचा धरतात. उरलेल्या पाच टक्क्यांत हा धागा बसतो.

पूर्वी विमानांना वारा कमी झेपायचा, म्हणून वेगवेगळ्या दिशांच्या भरपूर पट्ट्या असत. हीथ्रोला सुरुवातीला सहा होत्या, षटकोनी ताऱ्याच्या आकारात. आता दोनच आणि त्याही समांतर. समांतर ठेवल्या की दोन्हीकडे एकाच वेळी वाहतूक चालते. म्हणजे वारा पेलायचं ओझं जमिनीकडून विमानाकडे आणि वैमानिकाकडे सरकलं.

सांजवात

हे छान सांगितलंत. म्हणून युनिसच्या वेळी हीथ्रोवर पट्टी बदलून घ्यायचा पर्याय नव्हता तर.

वातकुक्कुट

काही ठिकाणी डोंगर सगळं गणित उधळतो. मदेरा या पोर्तुगीज बेटावरचं फुंशाल विमानतळ घ्या. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, धावपट्टीचा काही भाग खांबांवर उभा. तिथे वाऱ्याच्या मर्यादा सल्ला नाहीत, सक्तीच्या आहेत. त्या ओलांडल्या की उतरायचं नाही, विषय संपला. जिब्राल्टरलाही पट्टीशेजारचा उंच सुळका वारा असा कापतो की पट्टीच्या दोन टोकांना वाऱ्याची दिशा वेगवेगळी मिळते.

तिरपागडा

मग माझं म्हणणं तेच! फुंशालला सक्तीचा आकडा ठेवता येतो, तर सगळीकडे का नाही? वैमानिकाच्या डोक्यावरचा भार तरी उतरेल. मागे मुलाखतीचं काम होतं, फ्लाइट घिरट्या घालून परत गेली, मुलाखत बुडाली. तेव्हा चिडलो होतो. पण 'आकडा ओलांडला' असं सांगितलं असतं तर चिडायला जागाच नव्हती. 'कॅप्टनने ठरवलं' म्हटलं की लोक कॅप्टनवर तुटून पडतात.

उजवी_सीट

हा मुद्दा चांगला आहे आणि कंपन्यांचे स्वतःचे आकडे त्यासाठीच असतात. अडचण अशी की एका आकड्यात पट्टीची ओल, झोत, रुंदी, रात्र, आणि माझी सकाळपासूनची चौथी फेरी हे सगळं मावत नाही. २५ चा आकडा छापला की २४ ला लोक निर्धास्त होतात. मी ओल्या, अरुंद पट्टीवर २४ ला जाणार नाही आणि कोरड्या, रुंद पट्टीवर ३२ ला आरामात जाईन.

स्पॅनर

ओलीवरून एक राहिलं. ओल्या पट्टीवर विमान थोडं तिरकं पळत असताना पूर्ण रिव्हर्स लावला तर तो जोर विमानाच्या नाकाच्या रेषेत मागे लागतो. नाक वाऱ्याकडे असतं, म्हणून तो जोर विमानाला वारा जिकडे जातोय तिकडच्या कडेला ओढतो. उपाय उलटा वाटतो: रिव्हर्स कमी करा, ब्रेक सोडा, आधी सरळ व्हा, मग पुन्हा लावा. विमान कडेला चाललंय आणि ब्रेकवरून पाय काढायचा! हे मात्र कसब आहे, आणि हे कुठल्याच व्हिडिओत कळत नाही.

भित्री_भागूबाई

हा धागा वाचून धीर आला होता, स्पॅनर यांनी परत घेतला.

घडीचा_डाव

सगळे उतरण्यावरच बोलताय. उड्डाणाच्या वेळी आडवा वारा त्रास देत नाही का?

वातकुक्कुट

देतो तर. डेन्व्हर, २० डिसेंबर २००८, कॉन्टिनेंटलचं ७३७. उत्तरेकडे धावत होतं, वारा डावीकडून. नाक डावीकडे वळत होतं, उजवा रडर लागत होता. मोठा झोत आला, चौकशीनुसार ४५ नॉटांचा, आणि त्याच सुमारास कॅप्टनने उजवा रडर दाबणं थांबवलं. विमान डाव्या कडेवरून बाहेर गेलं, आग लागली. ११५ जण होते, सगळे वाचले. टॉवरकडे विमानतळावरच्या बऱ्याच यंत्रांचे आकडे होते, वैमानिकांना सांगितलेला वारा त्यातला एका यंत्राचा, २७ नॉटांचा.

घडीचा_डाव

बापरे. मग आता सगळे आकडे सांगतात का?

उजवी_सीट

काही विमानतळांवर टेकण्याच्या जागेचा, मधला आणि शेवटचा असे तीन वारे मागितले की मिळतात. वाऱ्याचा दिवस असला की मी शेवटच्या दोन मैलांत पुन्हा वारा विचारतो. कंट्रोलर वैतागत नाहीत, नुसता आकडा वाचून दाखवतात. चला, उद्या पहाटेची ड्युटी आहे, बाकीच्या प्रश्नांना परवा उत्तर देतो.